वाटणीच्या कागदावर आईबापाची भाकरीही लिहा

मराठवाड्यात म्हाताऱ्या आईबापाचे हाल पुष्कळदा वाटणीनंतर सुरू होतात. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावरून बापाचं नाव गेलं की घरातलं बोलणं बदलतं. मग पाळी लागते: दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. काही घरांत आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. उभ्या आयुष्याचा संसार म्हातारपणी असा तोडणं हा छळच आहे. अंगावर वळ नाहीत म्हणून तो कमी होत नाही.

पाळीत आधी चुकतात त्या गोळ्या. बीपी-शुगरची पाकिटं एका घरी राहतात, माणूस दुसऱ्या घरी जातो, आणि आणून द्यायच्या कुणी यात आठवडा जातो. 'ज्याची पाळी त्याचा खर्च' असं ठरलं असेल तर पाळी संपत आली की कुणी नवं पाकीट आणत नाही. औषधाचा खर्च वर्षाचा धरून भावाबहिणींनी वाटून घ्यावा. गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, आधार कार्ड आणि पासबुक एका पिशवीत ठेवून ती म्हाताऱ्या माणसाच्याच ताब्यात द्यावी.

पासबुकाचं मुद्दाम सांगतो. श्रावणबाळ योजनेचे किंवा पीएम किसानचे पैसे गावातल्या केंद्रावर अंगठा लावून निघतात. अंगठा म्हातारीचा, पैसे मात्र नातवाच्या खिशात. दर वेळी पावती मागा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक भरून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि म्हातारी माणसं नातवंडांना धरून गावात राहतात. याला हयगय म्हणणं अन्यायाचं होईल. पण निघताना धान्य किती ठेवलं, किराणा कुणाकडून उचलायचा आणि रात्री दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेणार, हे शेजारच्या एका घराला सांगूनच निघावं.

आता कागदाचं. जमीन द्यायचीच असेल तर मृत्युपत्र बरं: हयातीत मालकी आपलीच राहते आणि मजकूर कधीही बदलता येतो. दोन साक्षीदार मात्र लागतात. वाटणी करत असाल तर आईबापांनी स्वतःच्या नावे हिस्सा राखावा. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर त्यात स्पष्ट लिहावं की घेणारा जेवण, राहणं, कपडे आणि औषधोपचार बघेल, आणि न बघितल्यास बक्षीस रद्द होईल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ही अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. अडचण येते ती इथेच: तयार मसुद्यात 'प्रेमापोटी देत आहे' एवढंच असतं आणि अट तोंडी राहते. मग ती सिद्ध करताना जीव जातो.

याच कायद्याखाली पोटगीसाठी, म्हणजे दरमहा सांभाळाच्या खर्चासाठी, अर्ज याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या प्रांत कार्यालयात करायचा. वकील लावावा लागत नाही. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं अशी सगळ्यांवर जबाबदारी आहे, म्हणून अर्जात एकट्या थोरल्याचं नाव घालून थांबू नका. मूलबाळ नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार त्या नातेवाइकावर अर्ज करता येतो. सोबत वयाचा पुरावा, सातबारा, फेरफाराची नक्कल आणि औषधांची बिलं जोडा. कायद्यात पोटगीची मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, फार तर आणखी ३० दिवस. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील करता येतं. अर्ज कुठून सुरू करावा हे कळत नसेल तर ज्येष्ठांच्या मदतवाहिनीला १४५६७ वर फोन करा. सकाळी ८ ते रात्री ८, पैसे लागत नाहीत.

सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवलं जाऊ शकतं. तिथे 'सांभाळतो साहेब' एवढ्यावर अंगठा उठवू नका. रक्कम किती, महिन्याच्या कितव्या तारखेला, आणि कुणाच्या खात्यात, हे लिहून घ्या. हुकूम होऊनही पैसे थकले तर थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज द्यावा लागतो. त्यावर वॉरंट निघू शकतं आणि न देणाऱ्याला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते.