टाकीवरची सावली, भाग ४: शत्रू फडक्यातच होता

सेकंडहँड बाइकच्या मॅट (चमक नसलेल्या) पेट्रोल टाकीवर चोरीविरोधी मार्किंगचा डाग पडलाय, तो काढायची ही लढाई. मागच्या अपडेटमध्ये मोठ्या थाटात लिहिलं होतं, आता फक्त शेवटचा हात फिरवायचा बाकी आहे. ते शब्द मागे घेतो. त्यानंतर चार संध्याकाळी गेल्या, आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आख्खी बाटली संपली, आणि काल रात्री कळलं की यातली निम्मी लढाई मी माझ्याच फडक्याशी लढत होतो.

'चोरीविरोधी मार्किंगच काढून टाकतोयस का?' असं दोघांनी विचारलंय म्हणून आधी खुलासा. फ्रेमवरचं आणि सीटखालचं मार्किंग मी काढत नाहीये. त्याची नोंदणी माझ्या नावावर करून घेतली आहे आणि ते तिथेच राहणार. भांडण आहे ते टाकीच्या डाव्या गालावरच्या राड्याशी. आधीच्या मालकाकडे ज्या कुणी स्टेन्सिल लावलं, त्याने कडा धड दाबल्या नाहीत. मार्किंगचा द्रव स्टेन्सिलखाली झिरपला, आणि वरून इशाऱ्याचं स्टिकर चिकटवून साहेब मोकळे.

स्टिकर निघालं. हेअर ड्रायरने कोमट करून, कोपऱ्यातून, स्वतःवरच दुमडत ओढायचं. ही युक्ती सांगणाऱ्याला दंडवत. (ड्रायर आणि आयपीए एकाच बैठकीत नको. खाली पेट्रोल आहे, विसरू नका.) गोंदाला संत्र्याच्या वासाचं रिमूव्हर पुरलं. पाच मिनिटांत गोळ्या होऊन आला. पण ते रिमूव्हर स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं, त्यामुळे लगेच दोनदा शाम्पू. वॅक्स नसलेला, चमक न आणणारा.

उरली सावली. सात अक्षरांची, धुरकट.

ग्लॉस रंग असता तर कंपाउंडने (घासून चमकवायची पेस्ट) दहा मिनिटांत उडवली असती. मॅटचं दुखणं तुम्हाला माहीत आहे: क्लिअरकोटचा (रंगावरचा पारदर्शक थर) पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून उजेड सगळीकडे विखुरतो. घासलं की ती उंचवट्यांची टोकं सपाट होतात आणि तिथे कायमची चकाकी येते. पुरावा टाकीवर आहे. भाग २ मधला मेलामाइन स्पंजचा पराक्रम, तिसऱ्या अक्षराशेजारी मसुरीच्या डाळीएवढा चकचकीत ठिपका. तो स्पंज हाताला मऊ लागतो, पण आहे बारीक सॅंडपेपरच. 'हलक्या हाताने चालतं' म्हणणाऱ्यांनी आपल्या टाकीचा तिरप्या उजेडातला फोटो टाकावा, मग बोलू.

तर घासणं बंद, फक्त टिपणं. निम्मं आयपीए, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पहिल्याच टिपण्यात अक्षरं गायब! मी घरातल्यांना हाका मारून बोलावलं. ते येईपर्यंत टाकी सुकली आणि एकेक अक्षर परत उगवलं. ओलं असताना द्रव त्या खड्ड्यांत भरतो आणि डाग लपतो, एवढंच. तेव्हापासून नियम: पूर्ण सुकून दहा मिनिटं झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

खरा फरक पडला तो पोटीसाने. सीटखालच्या न दिसणाऱ्या भागावर आधी चाचणी घेतली. मग कापसाची चकती भिजवून अक्षरावर ठेवली, वर प्लास्टिकची पातळ फिल्म, तीन मिनिटं, आणि चकती सरळ वर उचलली. ओढायची नाही. पहिल्या चकतीवर अगदी फिकट, करडा-पिवळा ठसा आला. इतक्या दिवसांत मळ टाकीवरून दुसरीकडे गेल्याचं ते पहिलं लक्षण. ती चकती मी अजून फेकलेली नाही. दर अक्षराला चार-चार फेऱ्या झाल्या आणि दिवसाच्या उजेडात पहिली पाच अक्षरं दिसेनाशी झाली.

इथे थांबायला हवं होतं. पण मी यूव्ही (अतिनील) टॉर्च काढला, कारण मार्किंगचा द्रव त्यात चमकतो.

(३९५ नॅनोमीटरवाला घेऊ नका. तो स्वतःच इतका जांभळा उजेड ओकतो की बाकी काही दिसत नाही. ३६५ वाला, पुढे काळी फिल्टर काच असलेला, तोच कामाचा.) अंधारात पाहिलं तर अख्खा गाल निळ्या फराट्यांनी आणि ठिपक्यांनी भरलेला. पोटीस, पुसणं, टॉर्च. परत पोटीस, पुसणं, टॉर्च. दोन संध्याकाळी हेच. आणि दर वेळी निळं कमी होण्याऐवजी वाढतंय!

काल टॉर्च हातातून निसटला, घरंगळला आणि बादलीच्या कडेवरच्या मायक्रोफायबरवर उजेड पडला. फडकं ट्यूबलाइटसारखं पेटलं. कपड्यांच्या साबणातलं ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेलं, यूव्हीत निळं चमकणारं रसायन. फडकं मी घरच्या कपड्यांबरोबर धुतलं होतं आणि तेच ब्राइटनर टाकीवर फासत होतो. शर्टाची बाहीसुद्धा चमकत होती.

डिस्टिल्ड वॉटरने टाकी धुतली, कोऱ्या फडक्याने टिपली, परत अंधार केला. निळं सगळं गेलं. उरली शेवटची दोनच अक्षरं, बी आणि सात, मंद हिरवट. म्हणजे पाच अक्षरं खरोखर गेली आहेत, आणि ही बातमी मला दोन दिवस उशिरा कळली.

या दोघांसाठी पुढची पायरी नॅप्था (आयपीएपेक्षा कडक सॉल्व्हंट, म्हणजे डाग विरघळवणारा द्रव) ठरवली होती. पण हे लिहिताना ध्यानात आलं की दोन्ही अक्षरं टाकीच्या वळणावर आहेत. जाड चकती तिथे टेकतच नसणार, मध्ये हवा राहत असणार. मग जास्त कडक सॉल्व्हंट कशाला? टिश्यूचे थर सुटे करायचे, एकच पातळ थर भिजवून वळणावर बसवायचा आणि तोच आयपीए वापरायचा. नॅप्था रद्द, निदान या आठवड्यापुरतं.

स्टिकरच्या जागेचा गडद चौकोन मात्र राहणार. आजूबाजूचा रंग उन्हाने उतरलाय, त्यावर रसायन काय करणार? कुणीतरी वर टॅंक पॅड (टाकीवर चिकटवायची संरक्षक पट्टी) लावायला सुचवलंय. म्हणजे परत गोंद! नको.

टिश्यू भिजवायला निघालोय. फडकं या वेळी नुसत्या पाण्यात धुतलंय, आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलाय.