शहामृगाच्या कवचावरची जाळी

गिरणाकाठच्या एका शेतकरी भाऊंनी विहिरीच्या मुरुमात सापडलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा आमच्याकडे तपासायला आणला. अंगठ्याच्या नखाएवढा, आणि बाहेरून रेघांची दाट जाळी. चाळीसगावकडे अशा जाळीचं नाव काढलं की सगळे गोळा होतात, कारण त्याच तालुक्यातल्या पाटण्याच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना आडव्यातिडव्या रेघा कोरलेलं कवच मिळालं, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं.

"हाई मानूसनी कोरेल शे का, भाऊ?" शेतकरी भाऊंनी मला विचारलं, हे माणसाने कोरलंय का म्हणून.

मी आधी तुकडा धुवायला बंदी घातली. कवच म्हणजे कॅल्साइट, चुन्याचंच खनिज. वरचा चुन्याचा थर काढायला कुणी पातळ अ‍ॅसिड, अगदी व्हिनेगर जरी लावलं, तरी थराबरोबर कवचही फसफसतं आणि रेघांच्या कडा बोथट होतात. निकाल तर त्या कडांवरच द्यायचा असतो. मऊ कुंचला आणि डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, बास.

मग टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून चारही बाजूंनी फिरवला. एकाच बाजूने उजेड टाकला की त्याला समांतर असलेल्या रेघा दिसत नाहीत, फोटोत अर्धीच नक्षी येते. 10 पट भिंगाखाली जाळी सुबकच वाटत होती. मायक्रोस्कोपखाली 40 पटीला मात्र बिंग फुटलं. दगडी हत्याराने ओढलेली रेघ तळाशी निमुळती असते, तिच्यात धारेचे बारीक समांतर ओरखडे दिसतात, आणि दोन रेघा छेदतात तिथे नंतरची आधीचीला कापून जाते. इथे तळ गोल, रुंदी कमी-जास्त, फाटे फुटलेले, आणि छेदाच्या जागी रेघा एकमेकींत विरघळलेल्या. दोन-तीन तर फुटक्या कडेवरून थेट खाली उतरल्या होत्या, म्हणजे कवच फुटल्यानंतर पडलेल्या. मुळं आम्ल सोडतात. ती कवचाला चिकटून वाढली की तेवढा चुना विरघळतो आणि त्यांच्या वाटा उमटतात.

एकच रेघ सरळ आणि निमुळती होती. पण बाकी कवच पिवळट, तिचा तळ पांढराशुभ्र. कुदळीचा ताजा ओरखडा.

भाऊ हिरमुसले. पण कवच शहामृगाचंच आहे, आणि ते जिथून निघालं तो मुरुमाचा थर बघायलाच हवा. विहिरीच्या काठापासून तो किती खोलीवर सुरू होतो ते टेपने मोजून ठेवा, असं त्यांना सांगितलं. बाहेर टाकलेला ढीग आम्ही 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळणार आहोत, कारण पाटण्याला कवचाचे मणीही मिळालेत, आणि ते हाताने मुरूम चाळवताना सहज निसटतात. तोवर त्या ढिगावर ट्रॅक्टर फिरवू नका, एवढीच विनंती केली.