बागेत थोडा पसारा राहू द्या की
बाग म्हटलं की लॉन पाहिजे, एका उंचीत कापलेलं ड्युरांटाचं कुंपण पाहिजे, आणि हल्ली झाडांना एलईडीच्या माळा पण पाहिजेत. फोटो मस्त येतात, पण तिथे पक्षी बघायला जा, कावळे-कबुतरं सोडून फार काही हाती लागत नाही. मला विचाराल तर आपल्या बागा जरा जास्तच साफ असतात.

तांबटाचंच घ्या. उन्हाळ्यात कुठूनतरी टुक् टुक् टुक् चालू असतं ना, तोच तो, हिरवा, कपाळावर लाल टिळा. हा पठ्ठ्या वाळक्या फांदीत घर कोरतो, बहुतेक वेळा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही, आणि आपण पावसाळ्याआधी ट्रिमिंगच्या नावाखाली नेमकी तीच फांदी उडवतो. बाकावर नाहीतर रस्त्यावर पडेल अशी फांदी काढायलाच हवी, त्यात वादच नाही, पण कोपऱ्यातल्या ज्या झाडाखाली कुणी फिरकतही नाही तिथे काय बिघडतं? दयाळ पक्ष्याला तर कोरता पण येत नाही, त्याची सगळी भिस्त आयत्या ढोलीवर.

बांडगूळ म्हटलं की सगळे नाक मुरडतात. झाडाचा रस शोषतं हे खरंय, अति झालं तर काढावंच लागतं. पण हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू (पांढरं, पिवळं, लाल, बघितलं असेलच तुम्ही) अंडी घालतं ती बांडगुळावर, अळ्या त्याचीच पानं खातात. फळं खायला येतो फुलटोच्या, अंगठ्याएवढा पक्षी, चिकट बी फांदीला पुसून मोकळा, की तिथे नवीन बांडगूळ. हे सगळं खरवडून काढायचं आणि मग बटरफ्लाय गार्डनचा बोर्ड लावायचा, काय उपयोग?

जमत नाही असं नाही हां. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा, ३७ एकर, आधी तिथे मुंबईचा कचरा टाकायचे. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं, १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं, आज मिठी नदीच्या काठाला चक्क जंगल आहे.

आमच्या इथल्या माळीकाकांना म्हटलं पालापाचोळा राहू द्या ना झाडाखाली, सातभाई पक्षी तोच उकरून किडे खातात. तर म्हणाले, मी ठेवीन हो, पण साप येतील म्हणून लोकच कम्प्लेंट करतात. आता हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय, बघू किती शिव्या पडतात.