आमची वाटचाल : हळदीची पट्टी, डॉस आणि लिनक्स

२००१ साली सांगलीत मार्केट यार्डाजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघांनी कॉम्प्युटरच्या धंद्याला सुरुवात केली. मी मशीन असेंबल करायचो, भागीदार प्रोग्राम लिहायचा. आडत्यांसाठी त्याने केलेलं पट्टीचं (म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला द्यायचा हिशोब) सॉफ्टवेअर म्हणजे फॉक्सप्रो २.६, डॉसवालं, विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टीमवरचं. आवक, वजन, दर, आडत, हमाली, तोलाई सगळं एका निळ्या स्क्रीनवर, माऊसला हात लावायची गरज नाही. सौदे संपले की मुनीम लोक शेतकऱ्याशी बोलत बोलत, स्क्रीनकडे न बघता धडाधड पट्ट्या काढायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं आम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचं मूळ इथंच आहे. लोकांना सॉफ्टवेअर जुनं दिसतं, बोटांना बसलेली सवय दिसत नाही.

भागीदार २००७ ला पुण्याला नोकरीला गेला. भांडण काही नाही, घरची जबाबदारी होती. जाताना सगळे पीआरजी, म्हणजे त्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या मूळ फाइली, सीडीवर दिले आणि शिवाय १३२ कॉलमच्या कागदावर छापून त्याचं बाड बांधून दिलं. ते बाड अजून कपाटात आहे.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे अण्णा, हळदीचे आडते. २०११ च्या दिवाळीला त्यांनी दोन नवी मशीन घेतली, विंडोज ७, ६४ बिट. आमची एक्झी, म्हणजे प्रोग्रामची फाइल, चालेना. यात कुणाचा दोष नाही, ६४ बिट मोडमधे प्रोसेसरचा व्हर्च्युअल ८०८६ मोडच मिळत नाही, म्हणून त्या विंडोजमधनं डॉसच्या प्रोग्रामांना लागणारा १६ बिटचा आधार काढून टाकलेला आहे. अण्णा म्हणाले, "अरे, मुनीमजी पंचावन्न वर्षांचे आहेत, त्यांना आता नवीन काय शिकवू? तू कायतरी कर."

आधी डॉसबॉक्स, म्हणजे नव्या मशीनवर डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावून बघितलं. ते मुळात गेमसाठी केलेलं, एकाच डीबीएफवर (फॉक्सप्रोची डेटाची फाइल) चार जण बसायचे म्हटल्यावर फाइल लॉकिंगचा गोंधळ, आणि साध्या डॉसबॉक्सला एलपीटी, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टचं, प्रिंटिंग पण नाही. मग उबंटू या फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर डॉसएमू, ते पण डॉसचे प्रोग्राम चालवणारंच. त्याच्या कॉन्फिगमधे एलपीटी१ ची एक ओळ असते, तिथं एलपीआर डॅश एल दिलं की प्रिंट कच्चीच्या कच्ची डॉट मॅट्रिक्सकडे (सुया ठोकून छापणारा प्रिंटर) जाते, १५ नंबरचा कोड गेला की अक्षर बारीक, १८ गेला की परत नॉर्मल, जसं डॉसमधे तसंच. पहिली पट्टी तीन प्रतींत खरखर करत बाहेर आली, तेव्हा मुनीमजींनी ती कपाळाला लावली. माझ्या धंद्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. नव्या दोन मशीनवर डॉसएमू, जुन्या दोन विंडोज एक्सपीच्या तशाच, आणि डेटा लिनक्सच्या सर्व्हरवर सांबा शेअरमधे (विंडोजच्या मशीनना लिनक्सवरच्या फाइली वापरू देणारी सोय), अशी मांडणी करून दिली.

आणि मार्च २०१२. मार्च एंडच्या ऐन गडबडीत संध्याकाळी लाईट गेली. एका एक्सपीच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती, ते मशीन जागेवर बंद. लाईट आल्यावर पट्टीची फाइल उघडेना, ही टेबलच नाही अशा अर्थाची एरर. सांबामधे ऑपलॉक नावाची सोय असते, त्यात क्लायंटला वाटतं फाइल आपल्या एकट्याकडेच आहे, आणि तो लिहिलेलं काही वेळ स्वतःच्याच मेमरीत धरून ठेवतो. वर्ड एक्सेलला ते ठीक, डीबीएफला विष. कुठल्या फाइलींना ऑपलॉक नको ते सांगणाऱ्या सांबाच्या 'व्हेटो ऑपलॉक फाइल्स' या ओळीत डीबीएफ आणि तिच्या जोडीच्या सीडीएक्स, एफपीटी या फाइली घालायला हवं होतं, ते मी घातलं नव्हतं. चूक माझी होती आणि मी ती अण्णांना त्याच रात्री सांगितली.

भागीदाराला फोन केला, तो रात्रीच्या एसटीने पुण्याहून आला. फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमधे हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, उघडलं. डीबीएफच्या पाचव्या बाइटपासून चार बाइटमधे रेकॉर्डची संख्या असते, ती आणि फाइलची साइज जुळत नव्हती. साइजमधनं हेडरची लांबी वजा करून एका रेकॉर्डच्या लांबीने भागायचं, येईल तो आकडा तिथं उलट्या क्रमाने भरायचा. फाइल उघडली! इंडेक्स नवे बांधले. तरी त्या मशीनवरच्या त्या दिवशीच्या पट्ट्या गेलेल्याच होत्या, त्या कार्बन प्रतींवरनं मुनीमजी, मी आणि भागीदार, तिघांनी बसून परत भरल्या. पहाटे पाचला आडत खातं पैशासकट जुळलं.

पण गावात बातमी वेगळीच पसरली. इथल्याच एका फर्मने (नाव घेत नाही) प्रत्येक पेढीवर जाऊन सांगितलं की यांचं फुकटातलं लिनक्स म्हणजे जुगाड आहे, असला हिशोब ऑडिटला चालत नाही, डेटा उडाला बघा अण्णांचा. ऑडिटला चालत नाही हे साफ खोटं, हिशोब कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर केला हे कुठला ऑडिटर विचारतो? पण एप्रिलमधे चार पेढ्या गेल्या, एका पतसंस्थेने बिल अडवलं, दोन पोरांचा पगार मी बायकोच्या एफडीतनं दिला. त्या चारांपैकी दोघं पुढं आमच्याकडेच आले, जुना डेटा काढून द्या म्हणून, नवीन पॅकेजमधे मागची वर्षं दिसत नव्हती. काढून दिला, पैसे वाजवी घेतले. जुगाड हा शब्द मात्र मला अजून लागतो. दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेला प्रोग्राम इथं त्याच वळणाने चालवायचा तर दोन्ही सिस्टीम आतनं माहीत असाव्या लागतात. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या लोकांनी १९९३ ला काम सुरू केलं आणि १.० यायला जून २००८ उजाडला, १५ वर्षं. त्याला काय जुगाड म्हणणार?

अण्णा हलले नाहीत. उलट त्यांच्याच शब्दावर ऊस वजनकाट्याचं काम मिळालं. ते सॉफ्टवेअर व्हीबी ६ (विंडोजवरची व्हिज्युअल बेसिक भाषा) चं, ते वाइनवर नीट चाललं, सिरियल पोर्टशी बोलणारी एमएसकॉम ओसीएक्स ही फाइल रजिस्टर केली, वाइनच्या डॉसडिव्हायसेस फोल्डरमधे कॉम१ (विंडोजमधलं त्या पोर्टचं नाव) ची लिंक टीटीवायएस० (लिनक्समधलं नाव) ला जोडली, पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून युजरला डायलआउट ग्रुपमधे टाकलं आणि काट्याचं वजन स्क्रीनवर आलं. डोंगल (सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून मशीनला लावायची किल्ली) असलेलं सॉफ्टवेअर मात्र कुणी आणलं तर मी आधीच नाही म्हणतो, त्याला विंडोजच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला, ड्रायव्हर लागतो, तिथं वाइनचं सहसा काही चालत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही, जीएसटी आला तेव्हा कॉलम वाढवले, बाडातली पानं त्या वेळी कामाला आली. नवीन पोरांना एवढंच सांगेन, शेअरवर डीबीएफ असेल तर ऑपलॉक बंद केल्याशिवाय घरी जाऊ नका, यूपीएसची बॅटरी दर दिवाळीला प्लग काढून तपासा, आणि ग्राहकाला लेझर प्रिंटर विकायच्या आधी त्याला कार्बन प्रत लागते का ते विचारा.

अण्णांच्या पेढीवर आता मुलगा बसतो, पट्टी त्याच निळ्या स्क्रीनवर निघते. प्रिंटरचं हेड मात्र दोनदा बदलून झालंय आणि तिसरं मिळत नाहीये. कुणाकडे १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स चालू स्थितीत पडून असेल तर भंगारात घालू नका, आम्हाला कळवा, येऊन घेऊन जाऊ.