चांदीचं ड्रेसिंग सलाइनने भिजवू नका

ठाण्यात पाऊस लागला की मधुमेह्यांच्या पायांची काळजी वाटते. स्टेशनबाहेर तुंबलेल्या पाण्यातून ओल्या चपलांनी जायचं, तळवा बधिर असल्याने खडा टोचलेला कळत नाही, आणि चार दिवसांनी मोज्यावर पिवळा डाग दिसतो. अशा चिघळलेल्या जखमेत जंतू वाढले असतील तर डॉक्टर नॅनो चांदीचं ड्रेसिंग लिहून देतात. हे महागडं ड्रेसिंग बऱ्याचदा घरी भिजवतानाच वाया जातं.

सलाइनची बाटली हाताशी असते, म्हणून पट्टीही त्यातच बुडवली जाते. ओलावा मिळाला की चांदीचे बारीक कण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले चांदीचे अणू, सोडतात. ते जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात आणि जंतू मरतात. सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. त्यातलं क्लोराइड या आयनांना आधीच धरतं आणि न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. जखमेच्या स्रावातही क्लोराइड असतं, म्हणून पट्टीत चांदीचा साठा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. तो जखमेवर ठेवण्याआधीच कशाला संपवायचा?

जखम सलाइनने धुतलीत तरी चालेल, पण नंतर ती स्टराइल वॉटरने, म्हणजे मीठ नसलेल्या निर्जंतुक पाण्याने, धुऊन घ्या. केमिस्टकडे त्याच्या छोट्या कुप्या मिळतात. पट्टी जखमेच्या मापाने कापा, त्याच पाण्यात भिजवा आणि दोनेक मिनिटं निथळू द्या. कोणती बाजू जखमेला लावायची ते पाकिटावर दिलेलं असतं. खाली व्हॅसलीन किंवा तेलकट मलम नको, बेटाडिनही नको. वरून गॉज बांधा. पट्टी किती दिवसांनी बदलायची हे ब्रँडवर ठरतं: काही तीन दिवस चालतात, काही सात. वाळून चिकटली तर ओढू नका, नव्याने आलेलं लाल मांस सोबत निघतं. स्टराइल वॉटरने भिजवून सोडवा. कडेच्या कातडीवर करडा डाग पडला तर घाबरू नका, तो चांदीचा असतो.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांना जरूर विचारा, 'चांदी अजून हवी का?' जंतू आटोक्यात आल्यावर तीच चांदी नव्या पेशींनाही त्रास देते. मधुमेही पायाची जखम निव्वळ भरून यावी म्हणून चांदी वापरू नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मेलेला पिवळा थर सर्जनने काढायला हवा, पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा, आणि त्या जागेवरचा भार कमी करायला हवा. त्याच तळव्यावर रोज चालत राहिलात, तर कुठलीही पट्टी जखम भरून आणणार नाही.

लाली काठापासून दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, ताप आला किंवा बोट काळं पडू लागलं, तर पट्टी बदलायच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला दाखवा.