अट एकच, लेखक हयात पाहिजे

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे न्यू जर्सीत दोनच गोष्टींचा विषय निघतो, बर्फ कधी पडणार आणि शाळेतल्या रीड-इनला कोण काय वाचणार. मुलांची शाळा साधी सरकारी, बालवाडी ते आठवी, हॉलमध्येच बास्केटबॉलचं कोर्ट आणि तिथंच सगळी गॅदरिंगं. आमची दोन्ही मुलं त्या शाळेतून कधीच बाहेर पडली तरी रीड-इनला मी अजून जाते, आणि आता मला कुणी विचारतही नाही की तुमचं मूल कितवीत म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'आफ्रिकन अमेरिकन रीड-इन' हा प्रकार इथल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतल्या ब्लॅक कॉकसनं, म्हणजे कृष्णवर्णीय सभासदांच्या गटानं, १९९० साली सुरू केला, कल्पना जेरी कॉब स्कॉट या बाईंची. करायचं काय तर फेब्रुवारीत जमायचं आणि कृष्णवर्णीय लेखकांचं लिखाण मोठ्यानं वाचायचं, बास. शाळा, चर्च, लायब्ररी, कुणीही करावं. आणि फेब्रुवारीच का, तर कार्टर वुडसन या इतिहासकारानं १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला तो लिंकन (१२ फेब्रुवारी) आणि फ्रेडरिक डग्लस (१४ फेब्रुवारी) यांच्या वाढदिवसांच्या बेतानं, पुढे १९७६ पासून त्या आठवड्याचा महिना झाला.

मोठा मुलगा लहान होता तेव्हा हा कार्यक्रम, खरं सांगते, थोडा रटाळ असायचा. म्हणजे भाव चांगला, पण दर वर्षी मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणाचा तोच उतारा, दर वर्षी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची तीच पुठ्ठ्याची बस, आणि बसच्या ड्रायव्हरचं काम कुणी करायचं यावरून रडारड. मग शाळेत नव्या लायब्ररीवाल्या बाई आल्या. उंच, आवाज खणखणीत, स्वतः कृष्णवर्णीय, मूळच्या दक्षिणेकडच्या, आणि त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की यंदा अट एकच, वाचायचा तो लेखक हयात पाहिजे. किंग महान आहेत, पण आमच्या पोरांना वाटायला लागलंय की काळा माणूस पुस्तकात असतो तो एक तर गुलाम असतो नाहीतर मेलेला असतो. असं थेट म्हणाल्या त्या. पीटीएतले, म्हणजे पालक-शिक्षक संघातले, दोघंतिघं खुर्चीत चुळबुळले.

त्यांनी लायब्ररीच्या दारावर एक कागद लावला होता, त्यावर फक्त दोन आकडे, ३२०० आणि ९३. आधीच्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या मार्चमध्ये, वॉल्टर डीन मायर्स या लेखकानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं होतं की २०१३ ला अमेरिकेत मुलांची साधारण ३२०० पुस्तकं निघाली त्यातली कृष्णवर्णीयांबद्दलची फक्त ९३. ते लिहिल्यावर काही महिन्यांतच मायर्स गेले. बाईंनी पाचवीच्या पोरांना कामाला लावलं, आपल्या शाळेच्या कपाटात किती आहेत मोजा. पोरं दोन दिवस मोजत होती, आणि जे निघालं ते बघून प्रिन्सिपलनी गुपचूप पुस्तकांचं बजेट वाढवलं.

तो पहिला 'हयात' रीड-इन २०१५ चा. मुहूर्त पण असा की त्याच महिन्याच्या सुरुवातीला क्वामी अलेक्झांडरच्या 'द क्रॉसओव्हर'ला न्यूबेरी, म्हणजे इथलं बालसाहित्याचं मोठं पारितोषिक, मिळालं होतं. बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची गोष्ट, सगळी कवितेत, आणि कविता अशी की कागदावर शब्द पण उड्या मारतात, वेडेवाकडे उतरतात. बाईंनी काय करावं, आठवीतल्या दोन पोरांना बॉल टप्पे मारत वाचायला लावलं, ओळ संपली की टप्पा. कधी पुस्तकाला हात न लावणारी पोरं ती, हॉल नुसता दणाणत होता. शेवटाकडे त्या भावांचे वडील जातात तिथं बॉल थांबला, आणि मागच्या रांगेत बसलेले बाबा लोक एकदम मोबाईलमध्ये डोकं घालून बसले.

त्याच वर्षी जॅकलीन वुडसनचं 'ब्राउन गर्ल ड्रीमिंग' पण वाचलं, तिचं स्वतःचं बालपण, ओहायोत जन्म, मग साउथ कॅरोलिनात आजीआजोबांकडे, मग ब्रुकलिन. तिचा वाढदिवस १२ फेब्रुवारीचा, हे एका चिमुरडीनं पुस्तकातून शोधून काढलं, तेव्हापासून रीड-इनला तिच्या नावानं केक कापायची पद्धत पडली, ती आजतागायत. जिवंत लेखकाचा हा एक फायदा, त्याला हॅपी बर्थडे म्हणता येतं.

नंतरची वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलीत, पण काही काही प्रसंग लख्ख आहेत. डेरिक बार्न्सचं 'क्राउन' आलं होतं, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या एका पोराचं चित्रांचं पुस्तक, केस कापून झाल्यावर आरशात बघताना आपण जगातले सगळ्यात भारी आहोत असं वाटतं ना, तेवढीच गोष्ट. ते वाचायला बाईंनी मेन स्ट्रीटवरच्या सलूनवाल्यालाच बोलावलं. तो एप्रन घालून आला, एका पोराला खुर्चीत बसवलं, खांद्यावर कापड टाकलं आणि वाचताना मधे मधे त्याची मान वळवत होता. आपल्याकडं केशकर्तनालयावर इतके विनोद झाले, पण त्या खुर्चीतून उठल्यावरचा रुबाब असा कुणी लिहिलेला माझ्या तरी वाचनात नाही.

मोठ्या मुलांसाठी जेसन रेनल्ड्सचं 'लाँग वे डाउन' घ्यायचं ठरलं तेव्हा मात्र पालकांत बरीच वादावादी झाली. भावाचा खून झालाय, पंधरा वर्षांचा विल कमरेला पिस्तूल लावून बदला घ्यायला निघालाय, लिफ्टनं खाली यायला साठ सेकंद, आणि मजल्यामजल्यावर लिफ्टमध्ये चढतात ती मेलेली माणसं, बहुतेक त्याच्याच ओळखीची. आम्ही देशी आया सगळ्यात घाबरलेल्या, पिस्तूल कशाला शाळेत, असं. बाई म्हणाल्या, तुम्ही आधी वाचा, मग मुलांना देऊ नका म्हणा. एका रात्रीत वाचून झालं, एका पानावर चार ओळी असतात म्हणून नाही, ठेववतच नाही खाली. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या कुणीच 'नको' म्हटलं नाही. या रेनल्ड्सनं स्वतः सतरा वर्षांचा होईपर्यंत एकही कादंबरी पूर्ण वाचली नव्हती, हे बाई दर वर्षी सांगायच्या, आणि न वाचणारी पोरं दर वर्षी खूश व्हायची.

पण सगळ्यात भरगच्च २०२० चा. जानेवारीअखेर जेरी क्राफ्टच्या 'न्यू किड'ला न्यूबेरी जाहीर झालं, हा मान मिळालेलं पहिलंच ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी. त्यातल्या जॉर्डनच्या नव्या, श्रीमंतांच्या शाळेत शिक्षक काळ्या मुलांना सारखे एकमेकांच्या नावानं हाक मारतात, यावर आमच्या मराठी-तेलुगू-गुजराती पोरांचं जे हसणं सुटलं ते थांबेचना. 'ज्ञ' नी सुरू होणारं नाव घेऊन अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या पोराला त्यात वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. मग फेब्रुवारीत 'हेअर लव्ह'च्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, मॅथ्यू चेरीचं ते, बाप मुलीचे केस विंचरायला शिकतो ते, आणि आमच्याकडं एका बाबांनी ते वाचता वाचता खरंच लेकीची वेणी घालून दाखवली, तिरकी झाली, टाळ्या पडल्या.

आणि त्याच वर्षी अटीवरून भांडण झालं, कारण कादंबरीकार टोनी मॉरिसन २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेल्या होत्या. नियमाप्रमाणे त्या बाद. सातवीतल्या एका मुलीनं तर बोट वर करून विचारलं सुद्धा, की मागच्या फेब्रुवारीत चालल्या असत्या ना मग आता का नाही? बाई जरा गप्प झाल्या. शेवटी मुलांनीच तोडगा काढला, की मॉरिसनबाईंचा जन्म १८ फेब्रुवारीचा, तेव्हा गेल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत लेखक हयात धरावा. एकदम सरकारी जीआर काढावा तसा ठराव फळ्यावर लिहिला गेला, सर्वानुमते मंजूर. त्या दिवशी बाईंनी स्वतः त्यांच्या नोबेल भाषणातला तुकडा वाचला, १९९३ चा, त्यात मुलं एका आंधळ्या म्हातारीकडं येऊन विचारतात की आमच्या हातातला पक्षी जिवंत आहे का मेलेला. योगायोग बघा.

पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. २०२१ चा रीड-इन झूमवर झाला, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, निम्मी पोरं म्यूटवर वाचत होती. एवढंच की जानेवारीत अमांडा गोरमन बायडनच्या शपथविधीला कविता वाचून गेली होती, पिवळा कोट, वय बावीस, आणि तिला लहानपणापासून 'आर' उच्चारायचा त्रास होता हे कळल्यावर आमच्या शेजारचा स्पीच थेरपीला जाणारा मुलगा त्या वर्षी आपणहून वाचायला पुढं आला.

मोठ्यांची बैठक मग २०२२ पासून सुरू झाली. मुलांचं झालं की लायब्ररीत खुर्च्या गोल मांडायच्या, प्रत्येकानं काहीतरी खायला आणायचं, मॅक अँड चीज, कॉलर्डची भाजी, रताळ्याचा गोड 'पाय' (pie), आणि आमच्या शंकरपाळ्या, ज्या आता यादीत न विचारता छापल्या जातात. इथं कादंबरीकारांपैकी कोल्सन व्हाइटहेड झाला, जेस्मिन वॉर्ड झाली. पण रंगली ती कवी जेरिको ब्राउनची संध्याकाळ. आमच्या भागातल्या पोस्टमननं त्याचे 'डुप्लेक्स' वाचले. हा प्रकार ब्राउननं स्वतः जुळवलाय, सॉनेट, ब्लूज आणि गझल यांची मोट बांधून, 'द ट्रॅडिशन' या संग्रहात आहेत, त्याला २०२० चं पुलित्झर मिळालं. दोन दोन ओळी, एका जोडीतली दुसरी ओळ थोडी बदलून पुढच्या जोडीची पहिली होते, आणि चौदावी ओळ फिरून पहिलीवर येते.

आता गझल म्हटल्यावर आमच्या मंडळातले एक काका, सुरेश भटांचे निस्सीम भक्त, नागपूरचे, ते कान टवकारून पुढं सरकले. पहिल्या दोन ओळींनंतर माझ्या कानात, "काफिया कुठाय पण?" (म्हणजे यमक.) मी म्हटलं काका, काफिया-रदीफ नाही धरलाय त्यानं, द्विपदी आणि फिरून येणं तेवढं घेतलंय. "मग गझल कशी?" म्हणत होते तोवर ती बदललेली ओळ परत आली आणि काकांच्या तोंडून एकदम "वाहवा! फिर से!" असं निघून गेलं, चांगलं मोठ्यानं. मी लाजेनं अर्धी, पण आजूबाजूच्या बायका आधीच "मम्म्-हम्म" करत होत्या, चुटक्या वाजत होत्या, चर्चमध्ये पाद्रीला देतात तशी दाद चाललेली, त्यात काकांची वाहवा आरामात मावली. पोस्टमननं विचारलं फिर से म्हणजे काय, आणि समजल्यावर त्यानं खरंच ती जोडी पुन्हा म्हटली. माझ्या मते कविता म्हणायची असली की मुशायरा आणि ही मंडळी यांना एकमेकांची सवय व्हायला पाच मिनिटं पुरतात, उगाच गंभीर तोंडं करून कविता ऐकणारे लोक वेगळेच.

माझे सासरे एका हिवाळ्यात आले होते, औरंगाबादला शिकलेले, त्यांनाही नेलं. त्यांना रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन हे जुने कृष्णवर्णीय लेखक पाठ, कारण त्यांच्या तरुणपणी तिकडच्या दलित लेखकांत ही नावं घरातल्यासारखी घेतली जायची. त्यांनी बाईंना सांगितलं की १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली ती तुमच्या ब्लॅक पँथरवरून, आणि १९४६ साली बाबासाहेबांनी इथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. बाईंना ड्यू बॉइसचं पत्र माहीत होतं, पँथरचं नव्हतं. मग त्यांनी बाबांना उलट विचारलं, बाल्डविननंतर काय वाचलंत? बाबांनी प्रामाणिकपणे हात वर केले. जाताना बॅगेत वुडसन, रेनल्ड्स आणि व्हाइटहेडची दोन पुस्तकं घेऊन गेले, विमानतळावर वजन जास्त भरलं ते त्यामुळंच.

एक राहिलंच, 'गोल्डन शवल'. टेरन्स हेजनं काढलेला खेळ हा, ग्वेंडोलिन ब्रुक्सच्या कवितेतला एकेक शब्द घेऊन आपल्या ओळींच्या शेवटी बसवायचा, आपली कविता आडवी वाचा, तिची उभी. मुलांना फार आवडतो. बाई म्हणाल्या, घरातलं कुणाचं तरी वाक्य घ्या. आमच्या धाकटीनं आजीचं घेतलं, "हात धुऊन ये आधी", चार ओळींची इंग्रजी कविता आणि प्रत्येक ओळ मराठीत येऊन थांबते. आजी फोनवर म्हणाली, हे काय कवितेत घालायचं असतं का गं, आणि मग सोसायटीत सगळ्यांना फॉरवर्ड केली.

आता पुढच्या वेळची यादी चाललीय. मोठ्यांच्या गटात पर्सिव्हल एव्हरेटच्या 'जेम्स'चं नाव वर आहे, हकलबरी फिनची गोष्ट जिमच्या तोंडून, २०२५ चं पुलित्झर, आणि ती मुलांच्या कार्यक्रमात घ्यायची का यावर बाईंचं नि पीटीएचं जुंपलंय. काकांनी स्वतःचं नाव वाचणाऱ्यांत घातलंय. गझल नाही, एन. के. जेमिसिन वाचणार म्हणे, २०१६, १७, १८ असे लागोपाठ तीन ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांची पारितोषिकं, मिळवलेली ती, नातवानं पुस्तकं आणून दिलीत. पहिला भाग निम्मा झालाय, आणि भूकंपांचं पुस्तक आहे हे कळल्यापासून प्रत्येकाला किल्लारीच्या आठवणी सांगत सुटलेत.