येऊरच्या पडवीतलं हिरवं पान

भाद्रपदातल्या एका शनिवारी ठाणे स्टेशनवरून येऊरची बस पकडली. दुपारभर पाटोणपाड्याच्या आसपास हिंडलो, संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी तांदळाची भाकरी आणि करटोलीची भाजी. लिहायला बसले ती मात्र रात्रीच्या दोन तासांसाठी.

पडवीतल्या दिव्याजवळ भिंतीला एक पान चिकटलं होतं. त्या पानाने मिशी हलवली! अंगापेक्षा लांब, केसाएवढी बारीक मिशी. साध्या टोळाची मिशी आखूड असते. हा झुडपातला नाकतोडा, कॅटिडिड. पंखांवर पानासारख्या शिरासुद्धा. मी बोट पुढे केलं तशा काकू ओरडल्या, "हात नको लावू गं, तंगडी टाकून पळेल तो!" खरंच आहे ते. पकडलं की तो मागचा पाय सोडून देतो, आणि पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकायची नसते, त्यामुळे गेलेला पाय परत येत नाही.

मग नुसती बघत बसले. त्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. गाणं पंखांचं: डाव्या पंखाखालची कानशीसारखी दातेरी शीर उजव्या पंखाच्या कडेवर घासायची. मादीला अंडी घालायला मागे कोयत्यासारखा अवयव असतो; अमेरिकेतल्या स्कडेरिया नाकतोड्यांच्या माद्या त्याने पानाच्या कडेत, दोन पापुद्र्यांमध्ये अंडी खोवतात. याला तसं काही नव्हतं, म्हणजे हा नर. या गटातल्या बऱ्याच जातींत नराचं गाणं संपताच मादी बारीकशी 'टिक' करते. ती क्षणार्धात यावी लागते. उशिरा आलेली टिक त्याच्या लेखी उत्तरच नाही. त्या टिकेच्या दिशेने तो चालत जातो.

मला तेच ऐकायचं होतं. आणि खालच्या बंगल्यात डीजे सुरू झाला. राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या डोंगरात! काकूंच्या मांडणीवरची भांडी थरथरत होती. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, तरी अकरा वाजले. "दर शनिवारी हेच," काकू म्हणाल्या. मला संताप आला, अजूनही येतो. जंगलाजवळ राहायला यायचं आणि जंगलालाच बोलू द्यायचं नाही?

अकरानंतर एकदम शांत झालं. काकूंनी दिवा मालवला. बऱ्याच वेळाने भिंतीवरून एक कोरडी 'त्सिक्-त्सिक्' आली आणि लगेच कुंपणाच्या करवंदीतून, टिक. पुन्हा तसंच. मैत्रिणीने मोबाइलचा उजेड ओंजळीत झाकून धरला. तो भिंतीवरून उतरून करवंदीकडे निघाला होता, सहाही पाय शाबूत.